कोणीच कॉल करत नाही ते फंक्शन काढून टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारे डेटा लॉगर बनतात. विचारणाऱ्या ताई तिथे फर्मवेअर लिहितात. लॉगरच्या एसडी कार्डावर कंपनीची स्वतःची फाइल सिस्टिम आहे, बारा वर्षांपूर्वी लिहिलेली, आणि ती लिहिणारे आता तिथे नाहीत. ताईंनी सीपीपीचेक (कोड न चालवता तपासणारं साधन) चालवलं तेव्हा साठेक फंक्शनं कुणीच कॉल करत नाही असं निघालं. साहेब म्हणतात, रिलीजच्या आधी एकदाच सगळं साफ करून टाका. ताई विचारतात: काढू का, कोणत्या क्रमाने काढू, आणि काही तुटणार नाही याची खात्री कशी करू?

काढाच. फक्त रिलीजच्या आधी नको, आणि साठच्या साठ एका दमात तर नकोच. कारणं सांगतो. तुम्ही नावानिशी विचारलेल्या तीन फंक्शनांकडे शेवटी येतो.

आधी 'न वापरलेलं' या शब्दाचा नीट विचार करू. न वापरलेलं म्हणजे कोणी न वापरलेलं? साध्या प्रोग्रॅममध्ये फंक्शनला बोलावणारा कोड सोर्समध्येच कुठेतरी असतो. तो सापडला नाही की विषय संपला. फाइल सिस्टिमला आणखी एक कॉलर असतो आणि तो सोर्समध्ये कितीही शोधलात तरी दिसत नाही. तो म्हणजे आधीच लिहून झालेलं कार्ड. दहा वर्षांपूर्वीच्या फर्मवेअरने एखादी नोंद विशिष्ट पद्धतीने लिहिली असेल, तर ते कार्ड ज्या दिवशी तुमच्या नव्या फर्मवेअरसमोर येतं त्या दिवशी ते जुनं फंक्शन मागतं. त्या दिवसापर्यंत सगळ्या चाचण्या पास होत असतात.

हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतोय. अशाच एका उपकरणाच्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक नोंदीला एक प्रकार-क्रमांक होता, आणि तो क्रमांक वाचून फंक्शन पॉइंटरच्या तक्त्यातून पुढचं फंक्शन ठरायचं. तिसऱ्या प्रकारची नोंद लिहिणारा कोड कधीच निघून गेला होता. आता लिहिणारं कुणी नाही, मग वाचणारं कशाला, असं म्हणून मी वाचणारं फंक्शन काढलं आणि तक्त्यात ती जागा रिकामी ठेवली. जानेवारीत निफाडच्या बाजूला एका पॅकहाउसमध्ये वीज गेली. उपकरण परत सुरू होताना नव्या फर्मवेअरने जुना लॉग पहिल्यापासून वाचायला घेतला, तिसऱ्या प्रकारची नोंद दिसली, ती अनोळखी म्हणून 'इथून पुढे कार्ड खराब आहे' असं ठरवलं आणि पुढचं काहीच दाखवलं नाही. ऐन द्राक्ष निर्यातीच्या हंगामात प्रीकूलिंगच्या तापमानाच्या नोंदी गायब. कार्ड परत मागवली, जुन्या फर्मवेअरने वाचली, डेटा सुखरूप निघाला. पण त्या चार दिवसांत त्या शेतकऱ्यांच्या मालाचं काय झालं असतं, हा विचार अजून सुटत नाही.

तेव्हापासून एक क्रम पाळतो: लिहिणारा कोड आधी काढायचा, वाचणारा सगळ्यात शेवटी, आणि तोसुद्धा त्या पद्धतीने लिहिलेलं एकही कार्ड बाहेर उरलं नाही हे कळल्यावरच. नाशिकच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी काड्या तपासायला पाठवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघून कितव्या डोळ्यात घड आहे ते कळतं, आणि मगच किती डोळ्यांवर कापायचं ते ठरतं. बाहेरून सगळे डोळे सारखेच दिसतात.

लिनक्समध्ये या क्रमाचं उत्तम उदाहरण एक्स्ट३ या जुन्या फाइल सिस्टिमचं आहे. त्याचा स्वतंत्र ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.३ आवृत्तीत काढून टाकला, पण एक्स्ट३च्या डिस्का आजही माउंट होतात, कारण एक्स्ट४चा ड्रायव्हर त्या वाचतो. कोड गेला, वाचता येणं गेलं नाही. रायझरएफएस या दुसऱ्या जुन्या फाइल सिस्टिमचं तसं नव्हतं. त्याच्या डिस्का दुसरा कुठलाच ड्रायव्हर वाचत नव्हता. म्हणून २०२२ मध्ये आधी 'हे जाणार आहे' असं जाहीर केलं, आणि प्रत्यक्षात काढलं ते ६.१३ मध्ये, जी जानेवारी २०२५ मध्ये आली. लोकांना डेटा हलवायला जवळजवळ तीन वर्षं दिली.

आता शोधण्याकडे येऊ, कारण साठ हा आकडा मला अजून खरा वाटत नाही. ग्रेप, म्हणजे सोर्समध्ये नुसतं नाव शोधणं, कुठे फसवतं ते एक्स्ट४मध्ये छान दिसतं. तिथे एखादं फीचर आहे का हे विचारणारी, ते चालू आणि बंद करणारी फंक्शनं कुणी हाताने लिहिलेली नाहीत. एक मॅक्रो फीचरचं नाव जोडून ती तिन्ही तयार करतो. त्या नावाने व्याख्या शोधलीत तर सापडत नाही. उलट, अशा तीनपैकी एक कुणीच वापरत नाही म्हणून मॅक्रोला हात लावलात तर उरलेली दोन्ही जातात. सीपीपीचेक मॅक्रो उलगडून बघतं, त्यामुळे तिथे ते ग्रेपपेक्षा बरं. पण तुम्ही ते कुठल्या बोर्डाच्या कॉन्फिगरेशनवर चालवलंत? तुमच्याकडे तीन बोर्ड असतील आणि एखादं फंक्शन फक्त सर्वात जुन्या बोर्डाच्या इफडेफमधून (त्या बोर्डासाठीच कंपाइल होणाऱ्या भागातून) कॉल होत असेल, तर एका बोर्डावरून काढलेली यादी चुकीचीच असणार.

याहून मोठा धोका सोर्सच्या बाहेरचा. एक्सएफएस या लिनक्समधल्या आणखी एका फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये लिबएक्सएफएस नावाची एक डिरेक्टरी आहे. तोच कोड डिस्क तयार करणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एक्सएफएसप्रॉग्स या साधनांमध्येही घेतला जातो. कर्नलमध्ये कुणीच न बोलावलेलं फंक्शन दुरुस्तीच्या साधनात रोज वापरात असू शकतं. तुमच्याकडे कार्ड वाचून रिपोर्ट काढणारं पीसीवरचं सॉफ्टवेअर नक्कीच असेल. ते याच फाइल्स कंपाइल करतं का, हे सगळ्यात आधी बघा. माझा अंदाज आहे की साठातली डझनभर तरी तिथेच सापडतील. आणि काही वेळा वापरणारा तुमच्या इमारतीतही नसतो. एक्स्ट४मध्ये डिरेक्टरीच्या नोंदीत जास्तीची माहिती ठेवण्यासाठीचा 'डिरडेटा' हा बिट व्याख्येत आहे, पण मुख्य कर्नल ते फीचर चालवतच नाही. ते वापरतं लस्टर, महासंगणकांवरची फाइल सिस्टिम. तो बिट मोकळा समजून कुणी दुसऱ्या कामाला लावला, तर लस्टरच्या डिस्कांचा चुकीचा अर्थ लागेल.

तुमच्या फर्मवेअरसाठी यादी बनवण्याची मला पटलेली पद्धत अशी. प्रत्येक बोर्डासाठी 'एफफंक्शन-सेक्शन्स' लावून कंपाइल करा, लिंकरला 'जीसी-सेक्शन्स' आणि त्याच्या जोडीला 'प्रिंट-जीसी-सेक्शन्स' द्या. लिंकर काय काय टाकून दिलं ते स्वतःच छापतो. तिन्ही बोर्ड आणि पीसीचं सॉफ्टवेअर अशा चार याद्या करा आणि चारही याद्यांमध्ये असलेली नावंच पुढे घ्या. मग त्यातली जी एकाच फाइलपुरती आहेत त्यांच्यापुढे 'स्टॅटिक' लिहून परत कंपाइल करा, म्हणजे कंपायलरही साक्ष देईल. एक लक्षात ठेवा, 'स्टॅटिक इनलाइन' फंक्शन पडून असेल तर जीसीसी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ती हाताने शोधावी लागतात.

यातून साहेबांना सांगण्यासारखी एक गोष्ट निघते. लिंकर हे सगळं आधीच टाकून देत असेल, तर सोर्समधून काढल्याने फर्मवेअरचा आकार एका बाइटनेही कमी होणार नाही. मग काढायचं कशाला? वाचणाऱ्यासाठी, आणि पुढे बदल करणाऱ्यासाठी. रायझरएफएस जावं ही चर्चा सुरू झाली तेव्हा एक कारण असं पुढे आलं की लिहिण्याच्या एका अंतर्गत इंटरफेसमधला एक फ्लॅग केवळ त्याच्यासाठी जिवंत ठेवावा लागत होता, त्यामुळे बाकी सगळ्या फाइल सिस्टिमांसाठी करायची सुधारणा अडत होती. पडून असलेला कोडही प्रत्येक बदलाच्या वेळी सांभाळून घ्यावा लागतो.

आणि कधी कधी तो नुसता पडून नसतो, दार उघडं ठेवून असतो. एक्सएफएसमध्ये जागा आधीच राखून ठेवण्याचे ॲलॉकएसपी नावाचे जुने आयऑक्टल (प्रोग्रॅमने कर्नलला द्यायच्या खास आज्ञा) होते. त्यासाठी फॅलोकेट हा सर्वमान्य मार्ग आल्यापासून ते वापरणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. पण बाहेरून ते कुणालाही बोलावता येत होते, आणि त्यात अशी चूक निघाली की साध्या वापरकर्त्यालाही डिस्कवरचा दुसऱ्याचा पुसलेला डेटा वाचता यावा. सुरक्षेच्या चुकांच्या सार्वजनिक यादीत त्या चुकीचा क्रमांक सीव्हीई-२०२१-४१५५. आधी चूक दुरुस्त केली, आणि लगेच पुढच्या आवृत्तीत ते आयऑक्टलच काढून टाकले. कुणी वापरत नाही म्हणून कुणी तपासतही नाही, हा खरा धोका आहे. म्हणून 'राहू दे, कुणाला त्रास आहे का' हे मला मान्य नाही.

कव्हरेजच्या आकड्यांवरून मात्र काही काढू नका. जीकोव्ह (कुठली ओळ किती वेळा चालली ते मोजणारं साधन) लावून महिनाभर लॉगर चालवलात तर जर्नल परत चालवणारा, अर्धवट लिहिलेली नोंद टाकून देणारा, खराब ब्लॉक बाजूला काढणारा, असा सगळा कोड शून्यावर दिसेल. तो शून्यावरच असायला हवा. तो लिहिलाय वीज जाण्याच्या त्या एका क्षणासाठी. हे तपासायचं असेल तर वीज घालवावीच लागते. लिनक्सच्या जगात त्यासाठी डीएम-लॉग-राइट्स आहे: डिस्कवर गेलेलं प्रत्येक लेखन क्रमाने नोंदवून ठेवायचं, आणि मग हव्या त्या टप्प्यापर्यंतच ते परत लावून, इथे वीज गेली असती तर डिस्क कशी दिसली असती, ते बघायचं. तुमच्या कार्डासाठी हीच कल्पना दोन-तीनशे ओळींच्या सिम्युलेटरमध्ये जमते. साफसफाईला हात घालण्याआधी तो लिहा. त्यात आठवडा गेला तरी चालेल.

फंक्शनांबरोबर तुम्हाला 'किंमत दिली पण वापरली नाही' अशा व्हेरिएबलच्याही वॉर्निंग आल्या असतील. त्यांच्याशी फार जपून. फाइल सिस्टिममध्ये न वापरलेलं व्हेरिएबल म्हणजे बहुतेक वेळा हरवलेला एरर. कुणीतरी ब्लॉक लिहिणाऱ्या फंक्शनचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतलं, आणि पुढे ते बघायचं राहून गेलं. वॉर्निंग घालवायला तुम्ही व्हेरिएबल काढलंत, तर कार्डावर लिहिणं फसलं ही बातमी कायमची पुरली. तिथे काढायचं काही नसतं. ते उत्तर वरच्या फंक्शनला परत द्यायचं राहिलेलं असतं, तेवढं करायचं. अशी प्रत्येक जागा साफसफाईच्या यादीतून काढून बगच्या यादीत टाका.

यादी पक्की झाली की प्रत्येक नावाचा इतिहास बघा. गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन फंक्शनचं नाव द्या. ते नाव ज्या ज्या कमिटमध्ये आलं किंवा गेलं ती कमिटं समोर येतात. तुम्हाला हवं ते एकच: शेवटचा कॉलर कधी गेला आणि का गेला. तेच वाक्य पॅचच्या संदेशात लिहा. 'न वापरलेलं काढलं' एवढाच संदेश असला तर तपासणाऱ्याला सगळी मेहनत परत करावी लागते. 'अमुक कमिटने शेवटचा कॉलर काढला, तेव्हापासून पडून आहे' असं लिहिलंत तर दोन मिनिटांत काम होतं. कॉलर कधी नव्हताच असं निघालं तर तेही लिहा.

एका पॅचमध्ये एक फंक्शन, फार तर एकमेकांवरच अवलंबून असलेली दोन-तीन. त्याच पॅचमध्ये स्पेस नीट करणं, नावं बदलणं असलं काही नको. एक काढलं की त्याच्या हाताखालचं दुसरं उघडं पडतं, म्हणून परत कंपाइल, परत यादी, असं पुन्हा पुन्हा करत जावं लागतं. हेडरमधली घोषणा, इफडेफच्या दुसऱ्या फांदीतलं रिकामं फंक्शन आणि त्याचा उल्लेख करणाऱ्या कॉमेंट हेही जायला हवं. 'इफ शून्य' मध्ये गुंडाळलेला कोड बेधडक काढा. तो सांभाळायला गिट आहे.

कार्डावर जाणाऱ्या गोष्टींना मात्र हे लागू नाही. एनममधलं मधलंच नाव कुणी वापरत नाही म्हणून काढलंत, की त्याच्या खालच्या सगळ्यांचे क्रमांक एकाने सरकतात. ते क्रमांक कार्डावर लिहिले जात असतील तर सगळी जुनी कार्ड चुकीची वाचली जातात. कंपायलर यावर काहीच बोलत नाही. स्ट्रक्चरमधलं फील्डही तसंच. एक्स्ट२च्या काळात ब्लॉकचे तुकडे करण्याची योजना होती, ती कधी अमलात आली नाही. पण आयनोडमधली त्या पत्त्याची जागा एक्स्ट४मध्ये अजून आहे, नावात 'ऑब्सो' जोडून. कोड नाही, जागा आहे. तुम्हीही तेच करा: नाव बदलून राखीव ठेवा. आणि स्ट्रक्चरचा आकार कंपाइल होतानाच तपासला जाईल अशी अट घाला. एक्सएफएसमध्ये डिस्कवरच्या स्ट्रक्चरांचे आकार असे तपासणारी वेगळी हेडर फाइलच आहे, तिचं अनुकरण करण्यासारखं आहे.

मोकळा झालेला बिट परत वापरू नका, कधीच. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने एका जुन्या, वर्षानुवर्षं पडून असलेल्या सुविधेचा फ्लॅग नव्या कामासाठी घेतला. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचला नव्हता. तिथे त्या फ्लॅगने जुनाच कोड जागा केला, आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. तुमच्या सुपरब्लॉकमध्ये बत्तीस बिट असतील आणि वापरात सात असतील. काटकसर कशासाठी करायची?

तुमच्या जुन्या नोंदींच्या फॉरमॅटसाठी एक्सएफएसच्या चौथ्या आवृत्तीचं वेळापत्रक समोर ठेवा. त्या फॉरमॅटमध्ये मेटाडेटाला चेकसम नाहीत आणि २०३८ नंतरच्या तारखा बसत नाहीत. २०२० मध्ये इशारा दिला, सप्टेंबर २०२५ पासून तो आधार मुळातच बंद ठेवून हवा असल्यास चालू करायचा असं ठरलं, आणि पूर्ण काढायचं सप्टेंबर २०३० मध्ये. तुम्हाला दहा वर्षं लागणार नाहीत, कारण तुमची उपकरणं कुठे आहेत हे तुम्हाला कळू शकतं. त्यासाठी कोड वाचून उपयोग नाही, फील्ड सर्व्हिसच्या माणसांना विचारा. पिंपळगावच्या कुठल्या शीतगृहात आठ वर्षांपूर्वीचा लॉगर अजून भिंतीवर आहे, ते त्यांना तोंडपाठ असतं.

वेळेबद्दल साहेबांशी बोलाच. जानेवारी ते एप्रिल तुमची उपकरणं सगळ्यात जास्त कामात असतात. साफसफाईचे पॅच माल संपल्यावर, मे-जूनमध्ये मुख्य शाखेत घ्या, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत त्यांना सहा महिने मिळतील.

आता तुमची तीन फंक्शनं. डिर_हॅश२ बद्दल तुम्ही लिहिलंय की त्याच्या नावावर सगळ्या इतिहासात एकच कमिट आहे. म्हणजे कुणाचा तरी प्रयोग, कधीच न जोडलेला. त्याने एकही कार्ड लिहिलेलं नाही. पहिला पॅच त्याचाच करा, हात बसेल. रीबिल्ड_इंडेक्स पीसीच्या सॉफ्टवेअरची यादी हातात येईपर्यंत बाजूला ठेवा. असं नाव असलेलं फंक्शन मला बहुतेक वेळा दुरुस्तीच्या साधनातच सापडलंय.

सीआरसी१६_ओल्ड वर मी सगळ्यात जास्त अडलो. जुन्या कार्डांचा चेकसम तपासणारं फंक्शन आणि त्याला कॉलर नाही, याचा अर्थ एक तर जुनी कार्ड संपली आहेत, नाही तर ती आज कसलाही चेकसम न तपासता वाचली जात आहेत. दुसरी शक्यता खरी असेल तर कॉलर नसणं हाच बग आहे. फील्डवाल्यांकडून एक जुनं कार्ड मिळवा, त्याची इमेज काढा, मूळ कार्ड बाजूला ठेवा. इमेजच्या प्रतीत एका जुन्या नोंदीतला एकच बाइट बदला आणि ती आजच्या फर्मवेअरवर माउंट करून बघा. ती नोंद चुकीच्या आकड्यासह निमूट वाचली गेली, तर ते फंक्शन काढायचं नाही, परत जोडायचं. आणि तो एक पॅच मात्र मे महिन्याची वाट न बघता याच रिलीजमध्ये घ्या.